गिऱ्हाइकाची चोच

सकाळपासून वारा सुटला होता. पाऊस नाही, गारवा नाही, नुसता कोरडा, रिकामटेकडा वारा. खिडकीची कडी वाजवायची, दोरीवरचे कपडे एकमेकांत गुंडाळायचे आणि पुन्हा सोडवायचे, असले त्याचे उद्योग चाललेले. मागच्या खोलीत बाई प्लास्टर कालवत होती. रबरी वाटीत पाणी, पाण्यात भुरभुरत सोडलेली पांढरी पूड, आणि मग पात्याने एकाच दिशेने ढवळायचं. उलटसुलट ढवळलं की हवा धरते आणि सुकल्यावर साच्याला भोकं पडतात. कालवून झालं की दाताच्या मापाच्या थाळीत ते थोडं थोडं सोडायचं आणि थाळी टेबलाच्या कडेवर टकटक आपटत राहायचं, आतले बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत. तेवढा वेळ हात थांबवता येत नाही आणि जागाही सोडता येत नाही. या बाईला दिवसभरात एका जागी उभं करणारं काम हे एवढंच.

एरवी ती म्हणजे भिंगरी. चहा उभ्याने, बोलणं चालता चालता, आणि चुकून बसलीच तर पाय हलता. लहानपणी थोरल्या भावाने 'चुळबूळ' असं नाव पाडलं, ते पन्नाशी उलटली तरी अंगाला चिकटून आहे. गल्लीत मात्र तिला दातवाल्या ताई म्हणतात. तीन दवाखान्यांतून बोळक्या तोंडांची मापं तिच्याकडे येतात आणि कवळ्या होऊन परत जातात. त्या तोंडांचे मालक तिने सहसा पाहिलेले नसतात. पण जबड्याचा साचा हातात घेतला की ती सांगते, हा गडी उजवीकडूनच चावतो, ही बाई झोपेत दात खात होती, आणि ह्याला बायको घाबरत असणार. शेवटचं कशावरून सांगते ते कुणाला कळलेलं नाही.

हे काम ती नवरा गेल्यावर शिकली. नवरा ट्रक चालवायचा. तो गेला आणि ती भावाकडे परत आली, तेव्हा शेजारच्या गल्लीत एक म्हातारा दात बनवायचा. त्याला दिवा धरायला, मेण वितळवायला कुणीतरी हवं होतं. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझ्या पायांना चाकं आहेत, पण हात बरे आहेत. पाय बाहेर ठेवून येत जा." पाय बाहेर ठेवणं काही जमलं नाही. हात मात्र जमून गेले. हातात मेणाची सुरी आली की ती तेवढ्यापुरती शांत व्हायची, आणि सुरी खाली ठेवली की पुन्हा भिंगरी.

पुढच्या खोलीत भावाचं शिवणाचं दुकान. मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला पिंजरा. पिंजऱ्याला दार होतं, पण ते लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आत दादाचा पोपट राहायचा. नाव गिऱ्हाईक. कारण पायरी चढणारं प्रत्येक गिऱ्हाईक वर पाऊल टाकायच्या आत जे विचारतं, ते त्याने पहिल्याच वर्षी उचललं होतं. "झालं का?" शटर वर गेलं की "झालं का?" दादा चहा ओततोय, "झालं का?" बाई न्हाणीत, "झालं का?" एकदा समोरच्या घरात म्हातारबाबा गेले. गल्लीभर माणसं माना खाली घालून उभी, टाचणी पडली तर ऐकू यावी, आणि दुकानातून ह्याचा खणखणीत आवाज. दादाने धावत जाऊन पिंजऱ्यावर कुणाचा तरी कोट टाकला.

आठवडा झाला, तो आवाज बंद होता.

शटर बाईनेच ओढलं होतं. ते जुनं, गंजलेलं, अर्ध्यावर अडणारं. दादा ते दोन्ही हातांनी बेताबेताने खाली आणायचा, आजारी माणसाला जिना उतरवावा तसं. बाईला तेवढा धीर कुठला? त्या संध्याकाळी दादा बाहेर गेलेला, तिने आकडी अडकवली आणि दिलं ओढून खाडकन. गिऱ्हाईक त्याच वेळी कडेच्या लोखंडी खाचेतून वर चढत होता. पोपट चढतात तसा, आधी चोच, मग एक पाय, मग दुसरा. तो वाचला. वरच्या चोचीचा वाकडा आकडा मात्र उंबऱ्यावर पडला होता. बाईला आधी वाटलं, बटण आहे.

दादा काही बोलला नाही. तेच वाईट झालं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर तिने सहा परत करून जीव मोकळा केला असता. त्याने नुसतं शटरच्या खाचेत तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून शटर लावायला स्वतः उठू लागला. ती पुढे झाली की म्हणायचा, "राहू दे." एवढंच. ते 'राहू दे' तिच्या डोक्यात दिवसभर आपटत राहायचं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. धिप्पाड, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. त्यांनी गिऱ्हाइकाला एका हातात धरून उलटसुलट पाहिलं.

"मूळ जिवंत आहे. नखासारखी परत वाढेल. पण महिने जातील. तोवर ह्याला स्वतः दाणा फोडता आला पाहिजे. मी नळीने पोटात अन्न सोडतेय, पण त्यावर किती दिवस काढणार? पक्षी खायचं सोडून देतो मग."

बाई टेबलाभोवती येरझारा घालत होती. "टोपी बसवली तर? कवळीच्या मालाची. मी करते."

"तुम्ही आधी बसा, ताई. मला गरगरतंय."

बसली. पाय हलवत बसली. डॉक्टरांनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पोपटाचं डोकं काढलं आणि एकेका भागाला नाव देत गेल्या. कपाळापासून टोकापर्यंत मधोमध उतरते ती उंच रेघ म्हणजे चोचीचा कणा. दोन्ही बाजूंच्या कापणाऱ्या कडा, त्या धारा. टोकाला आकडा. खालची चोच आखूड, रुंद, छिन्नीच्या तोंडाची, ती येऊन आकड्याच्या पोटाशी टेकते. आकड्याच्या पोटाला कानशीसारख्या बारीक आडव्या रेघा, दाणा घसरू नये म्हणून. बाहेरून दिसतं ते सगळं कवच, आपल्या नखाच्या जातीचं. त्याखाली जिवंत पातळ थर, त्याखाली हाड. आणि चोच कपाळाला मिळते तिथे, नाकपुड्यांभोवती, मऊ पट्टी.

"मेणासारखी दिसते म्हणून मी हिला मेणपट्टी म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा माल हिच्या अलीकडे थांबवायचा. हिच्यावर चढवायचा नाही."

मेणपट्टी! बाईचा जन्म मेणात गेलेला, तिला ते नाव फार आवडलं. घरी येईस्तोवर ती पुटपुटत होती, कणा, धार, आकडा, मेणपट्टी. नावं हाती आल्यावर तिला जिथे तिथे चोचीच दिसू लागल्या. इतकी वर्षं गल्लीतला कावळा म्हणजे नुसता कावळा होता. आता ती खिडकीतून अर्धी बाहेर लोंबून ओरडायची, "दादा, कावळ्याच्या नाकपुड्यांवर केस असतात रे! आणि कणा बघ कसला जाड!" चिमणीची चोच तिने पकडीच्या जातीत बसवली, बगळ्याची चिमट्याच्या. तळ्याकाठच्या बदकाच्या धारेला फणीसारखे दाते असतात हे बघायला ती गुडघाभर चिखलात शिरली आणि एक चप्पल तिथेच ठेवून आली.

"लोक पक्ष्याचे पंख बघतात," दादा म्हणाला. "तू तोंडच बघ."

"ज्याचं त्याला दिसतं. तू नाही का माणसाच्या आधी त्याची विजार बघत?"

उंबऱ्यावर सापडलेला आकडा तिने जपून ठेवला होता. त्यावरून मेणाची चोच केली, मेणावरून प्लास्टरचा साचा, साच्यात कवळीचा माल. माल तिच्याकडे एकाच रंगाचा, हिरडीचा. लाल चोचीला गुलाबी आकडा. सुरेख घासून, आरशासारखा चकचकीत करून तिने तो दादाच्या तळहातावर ठेवला.

"नाटकात काम करायला चाललाय वाटतं," दादा म्हणाला. पण आकडा बराच वेळ हातात धरून राहिला.

काल दुपारी दवाखान्यात टोपी बसवली. डॉक्टरांनी पक्षी धरला, बाईने माल लावला. आकडा बसला, डावी धार जुळली, उजवी जुळली, आणि तेवढ्यात गाडीखाली आलेला एक कुत्रा दवाखान्यात आला. "कड तुम्ही पुरी करा," म्हणून डॉक्टर त्याच्याकडे धावल्या. पक्षी दादाच्या हातात आला.

बाईने कड बघितली. मेणपट्टीच्या अलीकडे थांबलेली. तिच्या धंद्याच्या नजरेला ते अपुरं दिसलं. कवळी जितकी पसरते तितकी तिची पकड. हिरडीवर दूरवर, पार वळणापर्यंत नेली तर ती हलत नाही. आखूड ठेवलेली कवळी शिंकेबरोबर बाहेर येते. म्हाताऱ्याने तिला हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि तिने आजवर कुणाला शिंकेबरोबर दात सांडू दिले नव्हते. तिने कुंचल्याने थोडा माल घेतला आणि दोन नाकपुड्यांच्या मधून, मेणपट्टीवरून, कपाळापर्यंत एक बारीक जीभ चढवली. पकडीसाठी.

"अगं, इथून त्याची चोच उचलते," दादा म्हणाला. "जांभई देताना."

"खालची उचलते."

"वरची. मी रोज बघतो."

"दादा, वरचा जबडा कवटीला जोडलेला असतो. तुझा, माझा, घोड्याचा, कुत्र्याचा. हलतो तो खालचा. माझा धंदा आहे हा."

डॉक्टरांनी दारातून डोकावून विचारलं, "नाकपुड्या मोकळ्या आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाली. आणि त्या होत्याही.

आता आज सकाळी, प्लास्टरची थाळी टेबलावर ठेवून ती वळते तो दादा दारात उभा.

"कालपासून दाण्याला शिवला नाही. घेतो, तोंडात फिरवतो, सोडून देतो."

"सवय लागेल. कवळीची सवय व्हायला महिना जातो."

"तू दिलेल्या कवळीला मी चार वर्षं देतोय."

हे खरं होतं. दादाच्या तोंडात एक दात नव्हता, आणि बहिणीने जीव ओतून केलेली कवळी बटणांच्या डब्यात बटणांना हसत पडलेली असायची. एरवी यावर दोघांचं चांगलं जुंपलं असतं. आज दादा हसला नाही.

"उद्या सकाळपर्यंत बघतो," तो म्हणाला. "नाही खाल्लं, तर डॉक्टरांना सांगणार, सोडवा त्याला."

"सोडवा म्हणजे?"

"म्हणजे इंजेक्शन. नळी घशात जाते तेव्हा त्याचे डोळे तू बघितले नाहीस. तू फिरत असतेस. मी धरलेला असतो त्याला."

कमरेचं माप सांगावं तसं त्याने ते सांगितलं आणि मशीनवर जाऊन बसला.

बाईने दिवा पेटवला, विझवला. मेण काढलं, परत ठेवलं. बाहेरून पाण्याची बादली आत आणली आणि आतली बाहेर नेली. एका निवृत्त कंडक्टरची कवळी आज द्यायची होती, तिचे पुढचे दात लावायला घेतले ते वाकडे लागले. तिने ते उपटून पुन्हा लावले, पुन्हा वाकडे. वारा कडी वाजवत होता. तिने कडीत चिंधी कोंबली, तर दुसऱ्या खिडकीची वाजायला लागली. मधूनच ती पुढे जाऊन पिंजऱ्यापाशी उभी राहायची. गिऱ्हाईक पिसं फुगवून बसलेला. गुलाबी आकडा ऐटीत चकाकत होता, त्याच्यामागे पक्षी कुठेतरी लांब निघून गेल्यासारखा. तिने एक दाणा पुढे केला. त्याने भिडेखातर घेतला, जिभेने आकड्याखाली नेला, चोच मिटायला गेला आणि दाणा सटकन बाहेर. त्याने डोळा मिटून घेतला.

"खा की रे मेल्या," ती म्हणाली. "खा. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी खा."

दहाच्या सुमाराला दुकानात एक गिऱ्हाईक आलं, माणसातलं. बँकेचा रखवालदार. पायरीवरूनच म्हणाला, "झालं का?" आणि स्वतःच दचकून पिंजऱ्याकडे बघत गप्प झाला. दादाने त्याच्या अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवला. कोट असा बसला जसा अंगावर ओतलाय. रखवालदार आरशात छाती काढून उभा राहिला.

"आता हात वर करा," दादा म्हणाला. टाचण्या त्याने हिरड्यांत धरल्या होत्या.

रखवालदाराने हात वर केला आणि सगळा कोट कानापर्यंत वर आला. मान आत गेली, कॉलर टोपीला टेकली.

"अहो, ह्याच्यात मी सलाम कसा करणार?"

"म्हणून तर कच्चे टाके." दादाने बगलेतली शिलाई उसवली. "बगल सोडायची राहिलीये." मग टाचण्या तोंडातून काढून दारातल्या बहिणीकडे वळला. "बघितलंस? उभं राहायला फस्क्लास. हात उचलला की फास. तुझ्या टोपीचं हेच झालंय. बगल ठेवली नाहीस."

"काल सांगितलं तुला. वरचा हलत नाही."

"बरं," दादा म्हणाला.

'बरं' हे 'राहू दे'चं धाकटं भावंड. बाई तरातरा आत आली. टेबलावर पितळी जबडा होता, म्हाताऱ्याने मरताना दिलेला. बिजागरी असलेली ती पितळेची चौकट, तिच्या खालच्या पट्टीवर खालच्या दातांचा साचा बसवायचा, वरच्या पट्टीवर वरच्या दातांचा, आणि उघडझाप करून चावा जुळवायचा. कंडक्टरचा चावा बघायला तिने चौकट उघडली. सवयीने उघडली, वरची पट्टी उचलून. खालची टेबलाला बसलेली असते, ती कशी हलणार?

आणि तिचा हात तसाच राहिला.

इतकी वर्षं ती वरचा जबडा उचलत होती. पहिल्याच दिवशी म्हातारा म्हणाला होता, हे यंत्र उलटं आहे बरं का, तोंडात असं नसतं, वरचा हलणारा जबडा देवाने केलाच नाही. तिने ते ऐकलं आणि त्यानंतर हात रोज वरचा उचलत राहिले, डोकं रोज खालचा हलतो म्हणत राहिलं, दोघांची कधी गाठ पडली नाही.

तिने चौकट मिटली, उघडली. वरच्या पट्टीच्या मुळाशी पितळेची खीळ. तिच्यावर माल सांडला तर? आखडेल. काल तिने नेमकी तिथेच जीभ चढवली होती. कपाळाशी, खिळीवर.

ती धावत पुढे आली, रखवालदाराला बाजूला सारून पिंजऱ्यात हात घातला आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावर बोटाचं टोक ठेवलं. दुसऱ्या हाताने दाणा दाखवला. पक्ष्याने चोच उघडायचा प्रयत्न केला. खालची खाली गेली. आणि बोटाखाली, मालाच्या त्या बारीक जिभेखाली काहीतरी वर यायला धडपडलं आणि अडलं. पांघरुणात गुरफटलेल्या माणसाने गुडघा वर करायला जावं तसं.

"दादा," ती म्हणाली, "फास बसलाय त्याला. मीच आवळलाय."

दादाने हातातली कात्री खाली ठेवली. रखवालदार एका बाहीने उभा होता.

डॉक्टर फोनवर शांतच होत्या. "पोपटाची वरची हलते, ताई. इतर पक्ष्यांचीही थोडीफार, पण पोपटाला खरीखुरी बिजागरीच असते. म्हणून तर पट्टीच्या अलीकडे थांबा म्हटलं. मीही कड नीट बघायला हवी होती. ओढून काढू नका, जिवंत थर निघून येईल. जागच्या जागी घासावं लागेल. मी गोठ्यावर आलेय, गाय अडलीये. चारला या."

चारला! वाऱ्याने दारातलं पायपुसणं उचलून गटारात टाकलं. बाईने ते धुतलं. कंडक्टरचे दात तिसऱ्यांदा लावले. कंडक्टर स्वतः आला, ओठ आत गेलेला, आणि बोळक्या तोंडाने काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला. तिने त्याला उद्यावर घातलं. दादाने अस्तराच्या जुन्या कापडाची एक बाही शिवली, पुढे निमुळती. कशाला ते सांगितलं नाही. दोघं जेवायला बसले आणि न जेवता उठले. ती तीनलाच चपला घालून दारात उभी राहिली.

"बस की जरा," दादा म्हणाला.

"बसलेय की."

"उभी आहेस."

दवाखान्यात कळलं बाही कशाला. दादाने गिऱ्हाइकाला मागून त्या बाहीत सारलं. पंख, पाय सगळं आत, मनगटाच्या जागेतून फक्त डोकं बाहेर. फडफड नाही, धडपड नाही. डॉक्टरांनी गायीच्या वासाच्या हातांनी डोकं धरलं. बाईने घासायची बारीक मोटर सुरू केली, न टेकवताच बंद केली, पुन्हा सुरू केली. आजवर तिने जे घासलं ते प्लास्टर होतं, मेण होतं, माल होता. टोकापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर डोळा नव्हता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"एकदा टेकवा आणि उचला," डॉक्टर म्हणाल्या. "तापलं तर आतला थर भाजेल."

टेकवलं, उचललं. गुलाबी भुकटी उडाली. डॉक्टरांनी ओला कापूस लावला.

"थांबा."

"थांबलेय."

टेकवलं, उचललं. "थांबा." "थांबलेय." एरवी ती कवळी एका दमात घासते, शिट्टी वाजवत. इथे नखभर काम आणि बाकी सगळं थांबणं. तिच्या पायाने आपसूक ठेका धरला.

"पाय," दादा म्हणाला. "टेबल हलतंय."

तिने एका पायावर दुसरा पाय ठेवून दाबून धरला. टेकवलं, उचललं. जीभ पातळ झाली, कागदासारखी झाली, तिच्याखाली मेणपट्टीचा रंग दिसू लागला. शेवटचा पापुद्रा तिने मोटरने काढलाच नाही. सुरीची पाठ खाली सरकवून हलकेच उचलला, मेणाचा थेंब टेबलावरून उचलतात तसा. तो टिकली पडावी तसा निघून आला.

"आतून आरसा केलाय तुम्ही," डॉक्टर आकड्याचं पोट बघत म्हणाल्या. "दाणा धरणार कुठे?"

कवळी जितकी गुळगुळीत तितकी चांगली, हे ती सांगायला गेली, आणि मग सुरीच उचलली. डॉक्टरांनी चोचीत आडवी काडी घातली. बाईने सुरीच्या टोकाने आकड्याच्या पोटाला एकाखाली एक रेघा ओढल्या. कानशी. पुठ्ठ्यावर काढून दाखवलेली होती, नाव पाठ होतं, चोच घडवताना मात्र विसरली होती.

काडी काढल्यावर गिऱ्हाइकाने डोकं झाडलं. एकदा, दोनदा. मग सावकाश तोंड उघडलं. खालची चोच खाली गेली. वरची, कपाळाशी बारीकशी घडी पडून, वर गेली. फार नाही, दोरा ओवायला सुईचं नाक असतं तेवढी.

"सुटली बगल," दादा म्हणाला.

"आता पुढचं त्याच्यावर," डॉक्टर हात धूत म्हणाल्या. "मोकळी झाली म्हणजे खाईलच असं नाही. बरेच दिवस झालेत. सकाळी मला कळवा."

घरी येऊन त्याच्यापुढे सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या, भिजवलेला मका ठेवला. त्याने दोन्हींकडे पाठ केली. दादाने शटर लावलं. बाई उठलीसुद्धा नाही.

सकाळी वारा पडला होता. खिडक्या गप्प, दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. बाईला ती शांतता वाऱ्यापेक्षा जास्त टोचत होती. पुढच्या खोलीत दादाने बाहेर जायचा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. दवाखाना उघडायला अवकाश होता. त्याने बिया पुन्हा एकदा पिंजऱ्यात ठेवल्या, वरच्या दांडीजवळच्या वाटीत, आणि टेबलाशी हात बांधून बसला. शिवाय ती अस्तराची बाही त्याने घडी घालून खिशात ठेवली होती. ते बाईने बघितलं, आणि तिथे उभं राहणं काही तिला जमेना.

दाताच्या दवाखान्यातून सकाळीच एक माप आलेलं होतं. तिने रबरी वाटीत पाणी घेतलं. पूड सोडली, एका दिशेने ढवळली. थाळीत पहिला थर ओतला आणि थाळी टेबलाच्या कडेवर आपटायला लागली. टक, टक, टक.

पुढून पिंजऱ्याच्या तारेचा आवाज आला. तार जराशी किणकिणली. मग नखं घासली, एकदा. मग पुन्हा एकदा. आधी चोच, मग एक पाय, मग दुसरा. वर चढतोय, तिच्या लक्षात आलं. नव्या आकड्याने तार धरून चढतोय.

तिला जायचं होतं. पाय निघालेच होते. पण थाळीत प्लास्टर होतं, आता सोडलं तर बुडबुडे आत राहणार आणि कुणाच्या तरी दातांना भोकं पडणार. टक, टक. पुढे काहीच ऐकू येईना. दादाचा श्वाससुद्धा. टेबलाशी बसलेला माणूस इतका गप्प कसा राहू शकतो! टक, टक, टक. तिने दुसरा थर ओतला.

पुढून एक आवाज आला. बारीक, कोरडा. नख तुटावं तसा.

तिने थाळी आपटायची थांबवली, मग घाईघाईने पुन्हा सुरू केली, पण हळू, ऐकू यावं म्हणून. पुन्हा तो आवाज. आणि पाठोपाठ टरफल कापडावर पडल्याचा, न पडल्यासारखा.

"चुळबुळे," दादाने हाक मारली.

"काय?"

"ये इकडे."

"प्लास्टर सोडलंय थाळीत."

"अगं, ये! रखवालदाराच्या कोटावर टरफलं थुंकतोय मेला."

"थुंकू दे. झटकून देईन."

पुढे पुन्हा एक बी फुटली. मग दादा शर्टाची बटणं काढत मागच्या दाराशी आला. चौकटीला टेकून बहिणीकडे बघत राहिला. पुढे एवढं घडत असताना ती धावत न येता एका जागी उभी होती, जन्मात पहिल्यांदा.

"झालं का?" त्याने विचारलं.

"होतंय," ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. थाळीत एक बुडबुडा सावकाश वर येत होता. तो फुटेपर्यंत ती टकटक आपटत राहिली, आणि मग पात्याने वाटीच्या कडेचं उरलेलं प्लास्टर निपटून घेऊ लागली.